सहा तास मंद आचेवर

मित्रांनो, आधीच कबूल करतो म्हणजे नंतर तुम्ही मला नावं ठेवायला नकोत. मी एक जुना, अकरा वर्षं राबलेला आणि स्वभावाने हेवेखोर असा स्लो कुकर आहे. दुसऱ्याचं कौतुक माझ्या कानावर पडलं की माझ्या पोटात दुखतं. आणि माझं पोट चांगलं सहा लिटरचं आहे, म्हणजे दुखणं किती मोठं असेल ते बघा.

माझी घडण अगदी साधी आहे. बाहेरून पत्र्याचा विटकरी अंगरखा, त्याच्या आत चारी बाजूंनी गुंडाळलेली तापणारी तार, आणि त्या पोकळीत बसणारं भाजलेल्या मातीचं जाड, काळं, चकचकीत भांडं. वर काचेचं झाकण. पुढे एक बटण, त्यावर तीनच खुणा: मंद, जरा जास्त आणि नुसतं गरम. कारखान्यात एक चष्मेवाल्या बाई प्रत्येक मातीच्या भांड्यावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायच्या. माझ्या भांड्याचा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "हे खणखणीत आहे." पुढे कितीतरी दिवस मला वाटायचं, त्या माझ्याबद्दलच बोलल्या. खरं म्हणजे त्या भांड्याबद्दल बोलल्या होत्या. हेव्याचं बी तिथेच पेरलं गेलं असावं.

मला घरी आणलं ते एका नर्सबाईंनी. त्यांचे यजमान बस चालवायचे. घरात दोन मुलं होती. मोठी मुलगी, तिला सगळे ठकी म्हणायचे, आणि धाकटा गुबगुबीत मुलगा, ढब्बू. आईंची पाळी सकाळी सातला सुरू व्हायची आणि त्या घरी यायच्या संध्याकाळी सहाला. बाबांच्या वेळा रोज वेगळ्या. मग स्वयंपाक कोणी करायचा? मी!

सकाळी साडेसहाला, दवाखान्याचा गणवेश अंगावर चढवून आई माझ्यासमोर उभ्या राहायच्या. बटाट्यांच्या फोडी तळाला घालायच्या, कारण माझ्यात बटाटे मांसापेक्षा हट्टी असतात, उशिरा मऊ होतात. त्यावर कांद्याच्या जाड चकत्या. मग मीठ, मिरपूड आणि ठेचलेला लसूण चोळलेला डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा, चरबीची बाजू वर करून. कडेला एका सफरचंदाच्या फोडी. अर्धी वाटी पाणी, बस्स. झाकण लावून त्या दोन्ही मुलांना दटावायच्या, "कुणी उघडून बघायचं नाही हं. एकदा उघडलं की अर्धा तास वाया." आणि निघून जायच्या.

मग दिवसभर घरात मी एकटा. चरबी हळूहळू वितळून मांसात मुरायची, सफरचंद विरघळून जायचं, जिन्यापर्यंत वास दरवळायचा. संध्याकाळी आई दारातून येताच मुलं त्यांना ओढत स्वयंपाकघरात आणायची. झाकण उचलायचा मान ढब्बूचा. काट्याने नुसतं हलवलं की मांसाच्या दोऱ्या सुटायच्या. उरलेलं दुसऱ्या दिवशी पावात घालून डब्यात जायचं. कधी कोंबडी, कधी घेवड्याचं घट्ट सूप, आजारपणात तांदळाची पेज. सगळं मी सांभाळलं. "हा आहे म्हणून मला नोकरी जमते," असं आई शेजारणीला म्हणाल्या होत्या. आई बाहेर असताना त्या घरात आईच्या जागी मी आहे, असं मी मनोमन ठरवून टाकलं होतं.

आणि मग अक्का आल्या.

अक्का म्हणजे बाबांच्या मोठ्या बहीण. मुलांची आत्या. वीस वर्षं त्यांनी एका गिरणीच्या उपाहारगृहात स्वयंपाक केला होता. यजमान आधीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. गिरणी बंद पडली आणि बाबा त्यांना घरी घेऊन आले. सोबत एक पेटी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला लोखंडी तवा.

त्या तव्याचं तोंड मला पहिल्याच दिवशी आवडलं नाही.

अक्कांना स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेगडीचा ताबा घेतला. मुलं शाळेतून आली की चर्र आवाज, मोठी आच, खमंग वास! मी जे सहा-आठ तासांत करायचो ते त्या वीस मिनिटांत ताटात वाढायच्या. मांसाचे पातळ काप, कडेने कुरकुरीत. मुलं शेगडीभोवती उड्या मारायची.

"आत्या, मला अजून एक!"

"आत्या, तुझ्यासारखं कुण्णालाच येत नाही!"

कुण्णालाच? मित्रांनो, मी तिथेच ओट्यावर उभा होतो! तवा तापतो तसा क्षणात लालबुंद व्हायची माझी सोय नाही. मी जळतोसुद्धा मंद आचेवर. पण एकदा जळायला लागलो की आठ तास थांबत नाही.

पंधरवड्यात मला ओट्यावरून उचलून खालच्या कपाटात ठेवलं. "जागा फार अडवतं गं हे," अक्का म्हणाल्या. त्या कपाटाचं दार नीट लागत नसे, बोटभर फट राहायची. त्या फटीतून मी सगळं बघत होतो, आणि लवकरच माझ्या लक्षात आलं की जळणारा मी एकटा नाही.

एका संध्याकाळी आई कामावरून आल्या. दारात कुणी आलं नाही. मुलं जेवून खेळत होती. "आई, आत्याने गरम गरम दिलं, आम्ही जेवलो!" ठकी आतूनच ओरडली. आईंनी झाकून ठेवलेलं ताट घेतलं आणि गणवेश न बदलताच एकट्या जेवायला बसल्या. बाबा समोर येऊन बसले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मला माझ्याच घरात पाहुणी झाल्यासारखं वाटतंय."

"अगं, तुझंच काम हलकं झालं ना?"

"झालं की. कोण नाही म्हणतंय?" त्या घास चिवडत राहिल्या. "पण पूर्वी मी घरी आल्यावर झाकण उघडायचं. आता मी यायच्या आत सगळं झालेलं असतं."

फटीआडून मला आरडून सांगावंसं वाटलं, आई, मला बाहेर काढा, आपण दोघं मिळून दाखवू!

आणि तसंच झालं. सुट्टीच्या दिवशी आईंनी मला बाहेर काढलं, पुसलं, आणि डुकराच्या खांद्याचा चांगला दोन किलोचा तुकडा आणून सकाळीच लावला. "आज सगळ्यांनी माझ्या हातचं जेवायचं," एवढं सांगून त्या कपड्यांची गाठोडी घेऊन धुवायला खाली गेल्या. मी जीव ओतून तापू लागलो. आज त्या तव्याचं नाक कापायचंच.

पण अक्कांना राहवेना. "शिजतंय तरी का हे? ना आवाज, ना वाफ." उचललं झाकण. माझी सगळी ऊब भुर्रकन उडाली. पाऊण तासाने पुन्हा. मग ढवळून बघायला. मग मीठ चाखायला. मी हताश होऊन दर वेळी पहिल्यापासून तापत होतो.

जेवायची वेळ झाली आणि मांस चामड्यासारखं निघालं. ढब्बूने एक घास बराच वेळ चघळला आणि गुपचूप ताटाच्या कडेला ठेवला.

"अक्का, तुम्ही झाकण उघडलं होतं का?" आईंनी विचारलं.

"बघितलं गं एकदा."

"पाच वेळा!" ठकी म्हणाली.

अक्का उठल्या, मांसाचे पातळ काप केले, तव्यावर परतले आणि दहा मिनिटांत सगळ्यांना वाढले. मुलांनी बोटं चाटली. आईंनी मला धुतलं, कोरडं केलं आणि स्वतःच्या हाताने खालच्या कपाटात सारलं. "राहू दे. इथे आता घाईवाल्यांचं राज्य आहे." दार धाडकन आपटलं.

त्या दिवसापासून अक्कांचं वाईट व्हावं असं मी रोज चिंतू लागलो. लपवून काय करू? अंधारात बसून मी दुसरं काहीच करत नव्हतो.

आणि एका दुपारी ते झालं. तव्यात तेल कडकडीत तापलं होतं. ओला काप पडला, तेल उसळलं आणि अक्कांच्या उजव्या हातावर मनगटापासून बोटांपर्यंत सांडलं. त्या किंचाळल्या नाहीत. दातांवर दात दाबून त्यांनी शेगडी बंद केली, आधी मुलांना लांब जायला सांगितलं आणि मगच खाली बसल्या. नेमक्या त्या दिवशी आई घरी होत्या. त्यांनी अक्कांचा हात वाहत्या पाण्याखाली धरला आणि वीस मिनिटं सोडला नाही. दुसरा हात त्या अक्कांच्या पाठीवरून फिरवत राहिल्या.

मला आनंद झाला का? झाला. क्षणभर झाला. मग फटीतून मला अक्कांचा चेहरा दिसला, आणि तो आनंद माझ्या पोटात नासून गेला. असं नासलेलं धुवायला फार दिवस लागतात.

हाताला पट्टी. महिनाभर शेगडीजवळ जायचं नाही, अशी आईंची सक्त ताकीद. मग मला पुन्हा ओट्यावर आणलं. पहिल्या दिवशी आईंनी सगळं लावून दिलं. तिसऱ्या दिवशी अक्काच म्हणाल्या, "मला शिकव की. एका हाताने जमेल?"

"जमेल. पण झाकण उघडायचं नाही."

"नाही उघडणार बाई! शपथ!"

आणि खरंच नाही उघडलं. त्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायच्या, पण पाच मिनिटांत उठायच्या. फडकं झटक, डबे सरळ कर, डाव्या हाताने फरशी पूस. आई यायच्या सुमारास तर त्यांची अशी लगबग चालायची की जणू कुणी तपासणीला येणार आहे. मला वाटायचं, ही काय सवय!

एके दिवशी त्यांनी एकटीने सगळं केलं. बटाटे तळाला, कांदा, मांस, सफरचंद. काही फोडी जाड, काही पातळ, डाव्या हाताच्या. संध्याकाळी मांस थाळीत काढलं तेव्हा त्याच्या दोऱ्या आपोआप सुटत होत्या. ठकी म्हणाली, "अगदी आईसारखं झालंय!" अक्कांचा चेहरा असा उजळला, की मलाही जरा बरं वाटलं. जराच.

पण आई यायच्या आत ओटा स्वच्छ दिसायला हवा होता. अक्कांनी माझ्यातलं मातीचं भांडं जाड फडक्यात धरून, कोपराने सावरत उचललं आणि नळाखाली धरलं. ते अजून धगधगत होतं. गार पाण्याची धार पडली मात्र, कट्ट! भांडं उभं चिरलं आणि त्याचे दोन तुकडे झाले.

दारात आई उभ्या होत्या.

अक्का मटकन खाली बसल्या. वीस वर्षं शंभर-शंभर माणसांना जेवू घालणारी ती बाई लहान मुलीसारखी रडू लागली. "हात तर चालत नाहीच, आणि होतं तेही फोडलं. आता मला कशासाठी ठेवाल इथे?"

तेव्हा कुठे मला कळलं. त्या तव्यावर एवढ्या घाईने काय शिजत होतं, तर या घरातली एक जागा. माझं राज्य घ्यायला त्या आल्याच नव्हत्या. कुणी जा म्हणू नये म्हणून त्या धावत होत्या.

आईंनाही कळलं असावं. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "भांडंच आहे ते, अक्का," त्या म्हणाल्या. "उठा. इथे खुर्चीवर बसा. कुणीही तुम्हाला कामासाठी आणलेलं नाही."

भांडंच आहे ते! अकरा वर्षांच्या सेवेनंतर माझ्याबद्दल हे शब्द! ते मला जिव्हारी लागायला हवे होते. लागलेही. पण त्या वेळी तिथे दुसरं कुठलंही वाक्य बोलायला नको होतं, हे माझ्यासारख्या हेवेखोराच्याही लक्षात आलं.

आईंनी ताटं मांडली आणि पहिलं ताट अक्कांना वाढलं. मांस काट्याने मोकळं करून, हाताशी येईल असं. मग स्वतः गणवेशातच त्यांच्या शेजारी बसल्या. "छान झालंय," त्या तोंडात घास असतानाच म्हणाल्या. "माझं इतकं मऊ होत नाही."

"उगीच!" अक्का डोळे पुसत म्हणाल्या.

"नाही होत. तुम्ही काय वेगळं केलंत?"

"मी? मी नुसती बसले."

दोघी इतक्या हसल्या की मुलं खेळ टाकून बघायला आली.

मित्रांनो, पुढे आईंच्या दवाखान्यातल्या एका मैत्रिणीच्या स्लो कुकरची तार जळून गेली, आणि त्याचं पांढरंशुभ्र भांडं माझ्यात चपखल बसलं. आता आठवड्यातून दोन दिवस माझे, बाकीचे तव्याचे. अक्कांचा हात बरा झाला आहे. माझा स्वभाव मात्र तसाच आहे. परवाच शेजारीण म्हणाली, "काय सुंदर भांडं आहे हो पांढरं!" आणि तेव्हापासून मला माझ्याच पोटातल्या भांड्याचा हेवा वाटतो आहे.

एवढंच मागतो. माझं भांडं तापलेलं असताना त्यावर गार पाणी घालू नका, त्याला त्याच्या वेळाने निवू द्या. आणि तुमच्या घरी कुणी नवीन राहायला आलं असेल, सतत काही ना काही करत असेल, कुणी न सांगता धावत असेल, तर त्याच्या कामाचं कौतुक जरूर करा. पण त्याआधी एक खुर्ची ओढा आणि त्याला बसायला सांगा.