ज्याचा प्रश्न, त्याच्या खिशात ग्रह

मी एक जुनी ग्रहमाला आहे, मित्रांनो. आकाशातली नव्हे, रायपूरच्या गुढियारीतली. रेल्वेलाइनच्या अलीकडे आमचा पारा, म्हणजे आमची वस्ती, आहे, पाऱ्यात बुद्धविहार आहे आणि विहाराच्या मागच्या खोलीत एका लाकडी टेबलावर मी उभी आहे. मला आठ हात आहेत आणि प्रत्येक हाताच्या टोकाला एक ग्रह. बाजूचा दांडा फिरवला की सगळे फिरू लागतात. थोडे कुरकुरतात, पण फिरतात.

मला धर्मपालांनी घडवले. ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. त्या वर्षी मोठा धूमकेतू येणार म्हणून रेडिओवर रोज चर्चा चालत असे. विहारातल्या मुलांनी त्यांना विचारले, "काका, वो तारा अपनेच घर पे गिरा तो?" धर्मपालांना उत्तर देता येईना. त्या गोष्टीची त्यांना फार लाज वाटली. त्यांनी वाचनालयातून पुस्तके आणली, मान मोडून वाचली आणि वाचलेले मुलांना डोळ्यांनी दिसावे म्हणून मोडक्या सायकलींची दातेरी चक्रे गोळा करायला लागले.

माझ्या पोटात त्या चक्रांची नऊ जोडकामे आहेत, आठ ग्रहांची आणि एक चंद्राचे. सूर्य म्हणजे चाळीस वॉटचा बल्ब. लहान ग्रह बेअरिंगच्या छऱ्यांचे, पृथ्वी आणि शुक्र लोखंडी गोळ्यांचे, तर गुरू म्हणजे पाण्याच्या टाकीत तरंगतो तो पोकळ पितळी गोळा. शनीचे कडे डब्याच्या झाकणातून कापलेले. रंग कमलाबाईंनी दिले. काडीला कापूस गुंडाळून गुरूचे पट्टे ओढताना त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "घराच्या दाराले रंग लावाले तुमाले वेळ नाही, अन् गुरूले तीन हात!"

धर्मपाल नुसतेच हसले. दार त्या वर्षीही तसेच राहिले.

दर रविवारी सकाळी वंदना झाली की मुले मागच्या खोलीत येत. खिडकीवर सतरंजी टांगून अंधार करायचा, बल्ब लावायचा आणि मग 'असं असतं तर' सुरू. प्रत्येक ग्रहाच्या खुंटीला एक बारीक पिन होती. पिन ओढली की ग्रह हातात येई. आणि इथे धर्मपालांचा एक नियम होता, जो मी दुसऱ्या कुठल्याही ग्रहमालेबद्दल ऐकलेला नाही. ज्याने प्रश्न विचारला, त्याने तो ग्रह खिशात घालून घरी न्यायचा. आठवडाभर सोबत ठेवायचा, विचार करायचा आणि पुढच्या रविवारी ग्रह आणि उत्तर दोन्ही घेऊन यायचे.

चेतना नावाच्या एका मुलीने चंद्र नेला. 'चंद्र नसता तर?' हा तिचा प्रश्न. पुढच्या रविवारी ती ठासून म्हणाली, "चंद्र नसता तं पौर्णिमा नसती. पौर्णिमा नसती तं बुद्धपौर्णिमा कुठून आली असती? अन् खीर कोणं देल्ली असती?" सगळी खोली हसली. धर्मपाल हसले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर हाय पोरी. आमच्या पुस्तकात हे नाही." मग त्यांनी पुस्तकातलेही सांगितले. समुद्राची भरती अगदी थोडकी राहिली असती. पृथ्वी भराभर गिरकी घेत राहिली असती आणि दिवस लवकर संपला असता. शाळा लवकर सुटली असती, हे मुलांनी स्वतःच जोडले.

पृथ्वी कललेली नसती तर? ऋतूच झाले नसते. सूर्य एकाएकी विझला तर? आपल्याला आठ मिनिटे पत्ताच लागणार नाही. त्या आठ मिनिटांत कोण काय करील, यावर दोन रविवार गेले. कमलाबाई मागच्या भिंतीला टेकून, भाजी निवडत ऐकत बसत.

मित्रांनो, एकदा बुध हरवला. हरवला तो धर्मपालांच्या मुलाच्याच हातून. लोकेश तेव्हा तिसरीत होता. 'बुधावर शाळा असती तर?' असे विचारून त्याने बुध नेला होता. बुधाचे वर्ष अठ्ठ्याऐंशी दिवसांचे, म्हणजे दर तीन महिन्यांनी वार्षिक परीक्षा, हे उत्तरही त्याचे तयार होते. पण शनिवारी तो बुध उडवून झेलत होता आणि झेल चुकला. बुध घरापुढच्या नालीत गेला. रविवारी लोकेश विहारात आलाच नाही. दुपारपर्यंत शोधाशोध झाली, तेव्हा तो शेजारच्यांच्या कोळशाच्या खोलीत सापडला. धर्मपालांनी त्याचे तोंड पुसले आणि म्हणाले, "बुध हरवला तं दुसरा करू. तू काहून हरवला?"

सोमवारी नवा बुध आला. कोणी कोणाला रागावले नाही. मला वाटले, झाले, विषय संपला.

वर्षे गेली. मुलांच्या हातात मोबाइल आले आणि ग्रह त्यात मावू लागले. रविवारी वीस मुले येत, त्यांची सहा झाली, मग दोन. धर्मपालांचे गुडघे गेले, मग दृष्टी गेली आणि दोन वर्षांपूर्वी ते स्वतः गेले. माझ्यावर एक चादर आली. चादरीखाली पालीने अंडी घातली. शनीच्या कड्यावर गंज चढला. तो काळ मी तुम्हाला फार सांगत नाही.

मग एक दिवस लोकेशने चादर काढली. तो आता मोठा वेल्डर झाला आहे, फॅब्रिकेशनच्या दुकानात त्याच्या हाताची तारीफ होते. बापाच्या स्मृतिदिनासाठी त्याने मला दुकानात नेले, घासले, तेल पाजले, सोनेरी रंग दिला. आणि मग प्रत्येक ग्रहाची खुंटी हाताला वेल्ड करून टाकली. एकेक टाका. पिना त्याने फेकून दिल्या. वर काचेची पेटी आणि पेटीला कुलूप. दांडा तेवढा बाहेर.

खरे सांगते, मला ती पेटी आवडली होती. धूळ नाही, पाल नाही. इतकी वर्षे नखांनी ओरबाडलेल्या वस्तूला काच म्हणजे माहेर वाटते.

स्मृतिदिनाच्या रविवारी खोली भरली. विहार समितीचे मेश्रामकाका बोलले, "धर्मपालभाऊची आठवण आता शंभर वर्षं हलत नाही!" टाळ्या झाल्या. चहा फिरू लागला. तेवढ्यात लोकेशची मुलगी पायल, दहा वर्षांची, काचेला नाक लावून म्हणाली, "पप्पा, एक सवाल है."

"हव, पूछ."

"पृथ्वीच नहीं होती तो?"

"पृथ्वी नसती तं तुह्या पप्पानं वेल्डिंग कुठं मारली असती!" मेश्रामकाका म्हणाले. लोक हसले. पायलने हात पुढे केला. "तो दो ना. आजी बोली थी, जिसका सवाल, उसका ग्रह."

"अब नहीं निकलता बेटा. पक्का कर दिया है."

"तो मैं सोचूँगी कैसे?"

लोकेश बाहीने काच पुसू लागला. तेव्हा मागच्या भिंतीपासून कमलाबाई उठल्या. "लोकेश, कुलूप काढ. अन् आरी आण."

"आई, लोकं बसले हायेत."

"बसू दे. चहा पिऊन राहिले ते, त्यायले काय घाई हाय."

"तुटंल ना हात, आई. बाबाच्या हातचं हाय हे. अन् पोट्टीनं हरवलं तं?"

"तुह्या बाबानं तुले मारलं होतं का रे, बुध हरवला तेव्हा?"

लोकेशने खिशातून कुलपाची किल्ली काढली. मग हळूच म्हणाला, "मारलं असतं तं बरं झालं असतं. चाळीस वर्षं होत आली, तो नवा बुध दिसला की मले जुनाच दिसते."

"म्हणून पोरीचा प्रश्न अडवतो का?" कमलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुह्या बाबाची आठवण म्हणजे हे लोखंड नाही. त्यायले उत्तर देता आलं नव्हतं, ती त्यायची सुरुवात होती."

आरी आली. मित्रांनो, मी घाबरले. लोखंडावर आरी चालते तेव्हा आधी दातांत कळ येते, आणि मला तर दात म्हणजे सगळे अंगच. लोकेश दोन वेळा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा कमलाबाईंनी माझा हात खालून धरला, आणि तो कापत राहिला. शेवटी पृथ्वी चंद्रासकट पायलच्या तळहातावर पडली. तिने ती फुंकून थंड केली आणि फ्रॉकच्या खिशात टाकली. मेश्रामकाकांचा चहा निवून गेला होता.

तो आठवडा मी विसरणार नाही. कमलाबाई रोज दुपारी येत, बल्ब लावत, दांडा फिरवत. माझा तिसरा हात रिकामाच फिरे. शुक्र फिरत होता, मंगळ फिरत होता, गुरू आपल्या तोऱ्यात होता. पृथ्वीवाचून कोणाचेच काही अडले नाही. एवढी वर्षे मी पृथ्वी हातावर घेऊन फिरले, पण ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. वाईट वाटले.

रविवारी नऊ मुले आली. लोकेश दुकानातले रविवारचे काम बुडवून आला होता. त्याचे डोळे मुलीच्या खिशावर होते. पायलने पृथ्वी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा त्याने श्वास सोडला.

"आजी, कुछ नहीं रुकेगा," ती म्हणाली. "सब घूमेंगे. बस साल नहीं होगा. शुक्र का चक्कर पूरा होगा, पर कोई बोलेगा नहीं कि हुआ. किसी का बर्थडे नहीं आएगा. और कोई पूछेगा भी नहीं कि पृथ्वी होती तो?"

मग लोकेशने मान वर केली. "आई, बाबा काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, आमच्या पुस्तकात हे नाही." कमलाबाईंनी पदराने नाक पुसले. "पिन लाव आता."

लोकेशने नवे छिद्र पाडले आणि पिन घातली. घाईत पृथ्वी जरा जास्तच कलली आहे. त्या हिशेबाने आमच्याकडचा उन्हाळा आणखी कडक व्हायला हवा. कापलेल्या जागी सोनेरी रंग उडून काळे लोखंड दिसते. कोणी तिथे पुन्हा रंग लावलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगते, जपा. पण आमच्यावर कुलूप घालून आम्हाला गप्प बसवू नका. जी वस्तू विचार करायला केली, ती विचारानेच झिजू द्या. काचेची पेटी आता विहाराच्या ओट्यावर आहे, चपला ठेवायला फार सोयीची पडते.

बाकीचे ग्रह सरसकट कापायचे नाहीत, असे कमलाबाईंनी ठरवले आहे. ज्याच्याबद्दल प्रश्न येईल, तोच सुटेल. मंगळ गेल्या महिन्यात सुटला, शनी परवा. पाच अजून वेल्ड केलेले आहेत. तुम्ही रायपूरला आलात तर रविवारी सकाळी या. नेपच्यूनबद्दल अजून कोणीच काही विचारलेले नाही.