कोनाड्यातला निवडुंग

मी फड्या निवडुंग बोलतोय. गोड बोलणं माझ्या जातीला जमत नाही, तेव्हा आधीच सांगून टाकतो. मला तहानेने कधी मारलं नाही. मला मारायला निघाली ती माया.

माझा जन्म बीडकडच्या एका कोरड्या गावातला, नागोरावाच्या शेताच्या बांधावरचा. तिथे मला कोणी पाणी घातलं नाही आणि मी कोणाकडे मागितलंही नाही. शेळ्यासुद्धा मला लांबूनच बघायच्या. माझी लाल बोंडं मात्र नागोरावाची लेक हिरा काठीने पाडायची, मातीत घोळून कुसं काढायची आणि ओठ लालभडक करून घरी जायची. मग आजीच्या, रंभाबाईच्या, शिव्या खायची.

चौसष्ट साली तारापूरच्या किनाऱ्यावर विजेच्या मोठ्या केंद्राचं बांधकाम निघालं. माणसं हवीत अशी बातमी आमच्या गावापर्यंत पोचली. नागोराव आणि त्याची बायको सोजराबाई, दोघंही निघाली. दोघं दिवसभर कामावर असणार, मग परक्या मुलखात चार वर्षांच्या पोरीला बघणार कोण? हिरा आजीपाशी राहील असं ठरलं. वर्षभराचीच तर गोष्ट, असं नागोराव म्हणाला.

निघायच्या दिवशी हिराने माझं एक पान मोडलं, तुपाच्या रिकाम्या डब्यात खोचलं, माती दाबली आणि डबा आईच्या हातात दिला.

"ह्याला पाणी घाल," ती म्हणाली. "मी येस्तोवर."

तिच्या बोटांत माझे काटे गेले होते, तरी ती रडली नाही. रडली ती सोजराबाई.

बोईसरजवळच्या सरावली गावात त्यांनी एक खोली घेतली. खिडकी एकच, तीही दुसऱ्याच्या भिंतीकडे तोंड केलेली. बाहेर ठेवलं तर कोणी उचलून नेईल, म्हणून माझा मुक्काम चुलीजवळच्या कोनाड्यात पडला. खोलीला अंगण नव्हतं की तुळस नव्हती. आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायचं, ही सोजराबाईची जन्माची सवय. तो तांब्या आता माझ्यावर रिता होऊ लागला. ती हात जोडायची, "पी गं माय हिरे," म्हणायची आणि मग कामावर जायची. तुळशीचा मान मला मिळाला खरा, पण रोजचं पाणी पचवायची ताकद माझ्यात नव्हती. त्यातून डब्याला खाली भोक नव्हतं.

उन्हाळ्यात चुलीच्या धगीने निभावून गेलं. पावसाळ्यात मात्र माझी दैना झाली. बाहेर आठ-आठ दिवस झड, आत दोरीवर ओली लुगडी, भिंतीला बुरशी, आणि सकाळचा तांब्या काही चुकायचा नाही. हिवाळ्यात जरा श्वास घेतला, वरच्या अंगाला दोन नवी पानंही फुटली. असं वर्ष गेलं आणि दुसरं लागलं. हिराला आणायचं दर सणाला ठरायचं आणि दर सणाला राहून जायचं. कधी कामाचा जोर, कधी खोलीत गावाकडची आणखी माणसं.

साखरबाई किनाऱ्यावरून टोपलीत मासळी घेऊन दारावर यायची. एकदा तिने मला पाहिलं.

"रोज पानी नको घालू त्याला, बाय. काटेरी झाड हाय, कुजून जाईल."

"माझ्या लेकीचं झाड हाय ते," सोजराबाई फणकारली. "तिला पाणी नको म्हणू व्हय?"

साखरबाईने टोपली उचलली आणि ती पुढच्या दाराला गेली.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात गावाकडून बन्सी नावाचा गडी कामाला आला. आल्या आल्या त्याने पाणी मागितलं, घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "गावातली पाण्याची हिर आटली, वैनी. पाऊसच न्हाई झाला. म्हातारी पोरीला घेऊन नदीत झिरा उकरती अन् वाटीवाटीनं घागर भरती."

सोजराबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून मला दोन तांबे पाणी सुरू झालं. तिचं दुःख मला कळत होतं. इथे विहीर भरलेली आणि लेकीच्या वाट्याला वाटी. जे तिकडे पोचत नव्हतं ते सगळं ती माझ्यात ओतत होती. मला बोलता येत असतं तर म्हटलं असतं, बाई, मी हिरा नाही.

श्रावणात माझं खालचं पान पिवळं पडलं, मग काळं, मग लिबलिबीत. खोलीत घाण वास सुटला. एका सकाळी मी डब्याच्या काठावर कललो आणि सोजराबाईच्या हातातला तांब्या खाली पडला.

"माझ्या पोरीचं काहीतरी झालं," ती म्हणाली.

"अगं, झाड कुजलं. त्याचा पोरीशी काय संबंध?" नागोराव म्हणाला.

"मग जाऊन बघून या. न्हाईतर मी निघाले."

नागोरावाने डबा उपडा केला. काळं पाणी भळाभळा वाहिलं. मग त्याने विळ्याने माझं वरचं धड पान कापलं, कोनाड्यात ठेवलं, खिळा ठोकून डब्याला भोकं पाडली आणि बोईसरहून गाडी धरली.

कापलेलं पान आधी वाळू द्यावं लागतं, तरच मूळ धरतं. सोजराबाईला हे काय ठाऊक नव्हतं? पण रोज सकाळी ती तांब्या घेऊन माझ्यापुढे उभी राहायची.

"सुकट भरतो तवा आमी काय करतो?" साखरबाई दारातून म्हणाली. "ओला बोंबील डब्यात टाकला तर सगला डबा जातो. वाळू दे आदी. काळजावर दगड ठेव, बाय."

सोजराबाई तांब्या खाली ठेवायची. शेवटी माझा काप सुकला आणि तिने मला डब्यात लावलं, पण कोरड्या मातीत.

मग नागोराव हिराला घेऊन आला. पोर धडधाकट होती, पण काटकुळी आणि उंच झालेली. बापाचं धोतर धरून दारात उभी. सोजराबाईने धावत जाऊन तिला छातीशी धरलं, तशी ती ताठ झाली. मग सुरू झालं: ऊन पाण्याने न्हाऊ घाल, दूध दे, भात दे, पुन्हा दूध दे. हिराने कशाला हात लावला नाही.

"बाई, मला आज्जीकडं जायचंय," ती म्हणाली.

बाई. 'आई' नव्हे, परकीला म्हणावं तसं. ते ऐकून सोजराबाई चुलीपुढे जाऊन बसली. मला वाटलं, आता ही माझ्यावर घागर रिकामी करणार.

दोन-तीन दिवस तेच चाललं. मग एका सकाळी तिने तांब्या भरला, माझ्यापाशी आली आणि थांबली. वळून पाहिलं. हिरा न शिवलेल्या दुधाकडे पाठ करून कोपऱ्यात बसली होती. सोजराबाईने दुधाचा पेला गुपचूप उचलला आणि तांदूळ निवडत बसली.

बऱ्याच वेळाने हिरा उठली. माझ्याजवळ आली. काट्यावर बोट ठेवलं.

"हे बांधावरलं हाय," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं पाणी घाल म्हणून. घातलं का?"

"घातलं," सोजराबाई म्हणाली. मान वर न करता. "लई घातलं गं."

हिरा मातीत बोट खुपसून बघत राहिली.

"मला बी दे," ती म्हणाली.

सोजराबाईने त्या तांब्यातून तिला अर्धाच पेला पाणी दिलं. पाण्याला जपणाऱ्या गावची पोर, तिने शेवटचा थेंबही सांडू दिला नाही. मग रिकामा पेला पुढे केला.

अजून ती 'बाई'च म्हणते. मीही अजून नीट मूळ धरलेलं नाही. पण सोजराबाई, माझं तुझ्याकडे एवढंच मागणं आहे: आता थोडे दिवस मला विसर. तांब्या त्या पोरीपाशी ठेव.