ओंजळभर पाणी

"तुम्ही फक्त 'नाही' म्हणा, ताई. बाकी मी बघते." मुलं दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या बाई शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर अंग चोरून बसल्या होत्या.

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. पायाशी मुंगी चिंध्यांच्या ढिगात बसून रिकामी रिळं डब्यात भरत होती. दोन वर्षांची पोर, सदा कुणाच्या तरी मागे तुरुतुरु चालायची, म्हणून मुंगी.

मुंगी दत्तक म्हणून घरी आली होती, पण कोर्टाचा हुकूम अजून व्हायचा होता. तोवर मुंगीला जन्म देणारीचं मन फिरलं तर ती पोर परत नेऊ शकत होती, आणि तोवर पोरीचा धर्म बदलायचा नाही, हे संस्थेनं शिंपीणबाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण थंडीत मुंगीला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी हात टेकले. नवरा औषधासाठी धावला होता. पोरीचे ओठ निळे पडताना बाईंना राहवलं नाही. त्यांनी पेल्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, तिच्या कपाळावर ओतलं आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं तिला बाप्तिस्मा दिला. मरणाच्या दारातल्या लेकराला तो कुणीही देऊ शकतो, असं त्या लहानपणी शिकल्या होत्या.

पोर वाचली. इथवर सगळं झाकलं गेलं असतं. पण बाईंच्या पोटात काही राहील तर शपथ! रविवारी चर्चमध्ये उभं राहून त्यांनी सगळ्यांना आनंदानं सांगून टाकलं. गाव ते केवढं. बातमी फिरत फिरत मुंगीला जन्म देणाऱ्या त्या तरुण मुलीच्या कानावर गेली.

"ती म्हणते, मी पोर सांभाळायला दिली, बदलायला नाही," संस्थेच्या बाई म्हणाल्या. "उद्या संस्थेत साहेब तिच्यासमोर विचारतील. बघणारं कुणी नव्हतं ना? मग ताप उतरवायला पाणी लावलं म्हणा. लोकांनी तिखटमीठ लावलं म्हणा. ती ऐकेल."

त्या गेल्यावर नवरा म्हणाला, "म्हण ना गं. देवाला काय कळत नाही?"

"कळतं. म्हणूनच तर."

"तुझं आणि त्याचं काय ते नंतर बघ. आधी पोरीचं बघ." बस चालवणारा हा शांत माणूस आयुष्यात पहिल्यांदाच बायकोपुढे हात जोडून उभा होता.

दुसऱ्या दिवशी वाटभर बाई मनात घोकत गेल्या. ताप होता, पाणी लावलं. ताप होता, पाणी लावलं. समोर ती मुलगी बसली होती. शिडशिडीत, कारखान्याच्या गणवेशातच आलेली. तिनं साहेबांना बोलूच दिलं नाही.

"खरंच नाही ना दिला, काकू? तुम्ही सांगाल ते मी मानीन."

ओरडली असती, भांडली असती, तर बाई बेधडक खोटं बोलल्या असत्या. पण विश्वास टाकणाऱ्या त्या तोंडाकडे बघून त्यांची जीभच रेटेना.

"दिला," त्या म्हणाल्या. "मरत होती गं ती. माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं."

नवरा उठून बाहेर गेला. त्यानंतर तो घरात कामापुरतंच बोलू लागला. खरं बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल, असं बाईंना वाटलं होतं. कसलं काय! नुसती पोर जाणार होती.

फादर घरी येऊन गेले. "लेकरू दुसऱ्याच्या हवाली करणं काय असतं, ते देवाला ठाऊक आहे. त्यानंही आपला मुलगा दिला."

"त्याला तिसऱ्या दिवशी परत मिळाला, फादर," बाई म्हणाल्या. फादर उठले. चहा तसाच राहिला.

न्यायच्या दिवशी संस्थेच्या अंगणात शिंपीणबाईंनी त्या मुलीला सगळं नीट समजावलं. दूध कोमट लागतं. झोपताना आपला कान धरू द्यायचा, ओढला तरी ओरडायचं नाही. मुलगी रडत रडत मान हलवत होती. मुंगी तिच्या कडेवर गेली, फाटकापर्यंत गप्प राहिली आणि मग एकदम वळवळायला लागली.

"आई! आई!" दोन्ही हात तिनं बाईंकडे पसरले होते.

मुलगी थबकली. काय करावं ते न कळून तिनं मागे वळून बाईंकडे बघितलं.

"अगं, बघतेस काय माझ्याकडे?" शिंपीणबाई म्हणाल्या. "ओ दे. तुला हाक मारतेय ती."