नंदादीपाशेजारचा सेन्सर

मित्रांनो, साबणाच्या वडीएवढा माझा देह. भिंतीची भेग मोजणारा एक जुना सेन्सर मी. माझा मुक्काम भोपाळला, अशोका गार्डनमध्ये, रेल्वेरुळांजवळच्या एका तीन मजली इमारतीत. कमलिनीकाकूंच्या देव्हाऱ्यामागची भिंत, हेच माझं घर.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला कामाला लावलं तन्वीने. इमारतींची तब्येत बघणारी ही इंजिनियर. तिचं ऑफिस बिट्टन मार्केटजवळ. काकूंच्या भिंतीला भेग गेल्याचं कळलं तशी ती आली. देव्हारा बाजूला सरकवून तिने मला भेगेच्या दोन्ही काठांवर घट्ट बसवलं.

"काकू, हा इथून रोज सांगेल, मी तिथे कॉम्प्युटरवर बघेन. भेग वाढतच राहिली तर मात्र सगळ्यांना घर सोडावं लागेल."

काकूंनी मला हळदीकुंकू लावलं.

"अगं, मशीन आहे ते," काकूंचे यजमान मनोहरकाका हसले.

"असू दे. घर राखायला आलंय ना!"

तन्वी गेली आणि काकांनी देव्हारा पुन्हा होता तिथे सरकवला.

रोज संध्याकाळी काकू देव्हाऱ्याच्या कडेला, भिंतीलगत समई लावत. तिची ऊब थेट माझ्या अंगाला लागे. किती बरं वाटायचं म्हणून सांगू! रुळांवरून गाडी गेली की भिंत थरथरे, मीही थरथरे. समोर ज्योत मात्र असायची, आणि काकूंचं हळू आवाजातलं स्तोत्र. पण ऊब लागली की माझ्या पोटातली धातूची दांडी केसभर लांबे, आणि तिकडे तन्वीच्या आलेखात भेगच रुंदावल्यासारखी दिसे. संध्याकाळी गाड्या जास्त जात असतील, असं तन्वीला वाटे.

मग घटस्थापना झाली. काकूंनी समईच्याच जागी देवीचा नंदादीप लावला. नऊ दिवस तो विझवायचा नाही, हलवायचा नाही, असा त्यांचा नेम. आलेख चढला तो उतरेचना. दुसऱ्या माळेला सकाळीच तन्वी धावत आली.

"काकू, सामान बांधा. आजच घर खाली करायला हवं!"

खालच्या मजल्यावरचा जितेंद्र जिन्यातूनच ओरडला, "मॅडम, नवरात्रि में कहाँ जाएँगे? अम्माँ का उपवास है, उनसे तो चला भी नहीं जाता!"

काकू देवीपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. तन्वी मला तपासायला वाकली, भिंतीला हात टेकला आणि थबकली.

"भिंत गरम आहे! काकू, दिवा रोज इथेच असतो?"

"रोज गं बाई."

तन्वीने सगळं समजावून सांगितलं. भेग खरी किती वाढली, हे कळायला दिवा तिथून हलायला हवा होता. पण तेवढं बोलायला तिची जीभ रेटेना. काकूंना न सांगताच समजलं. त्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांचा नेम! जराशाने त्यांनी आतून दुसरी समई आणली, खोलीच्या पार त्या टोकाला ठेवली आणि नंदादीपावर वात पेटवून ती लावली.

"ज्योत तीच आहे," त्या म्हणाल्या. "आणि देवी काय माझ्या एकटीची आहे? खाली जितेंद्रची आई आहे."

पहिल्या दिव्याला नमस्कार करून त्यांनी तो शांत होऊ दिला.

मी हळूहळू निवत गेलो. तन्वी लॅपटॉप घेऊन जमिनीवरच बसून राहिली. दुपारपर्यंत आलेख उतरला, पण अगदी पूर्ण नाही. थोडी भेग खरंच वाढली होती. गच्चीवरच्या टाकीचं पाणी भिंतीत मुरत होतं. पाइप बदलला, भेग भरली, मी मात्र पहाऱ्याला तिथेच राहिलो. घर कुणालाच सोडावं लागलं नाही.

"तुमच्या दिव्याने किती घाबरवलं मला, काकू!"

"आणि तुझ्या या डबीने मला!"

मित्रांनो, घराला भेग दिसली तर कॅलेंडर टांगून ती झाकू नका. मोठ्यांना सांगा. घरं बोलत नाहीत, त्यांच्याकडे कुणीतरी बघावं लागतं.

आता माझ्याहून हुशार भावंडं बाजारात आली आहेत. माझ्यावर धूळ बसते, ती काकू मऊ फडक्याने टिपतात. समई आता लांब असते. तिची ऊब आठवते. पण आरती झाली की काकू तबक घेऊन माझ्यापाशी येतात, एकदाच ओवाळतात आणि चटकन मागे होतात. तिकडे आलेखात बारीकसा उंचवटा उमटतो. तन्वी आता घाबरत नाही. तिला कळतं, काकूंची आरती झाली.