माय अंगणातून हलली नाही

२००४ च्या दिवाळीनंतर बाबूजींनी मायला सांगितलं, की आपलं लग्न हे लग्नच नव्हतं. मी तेव्हा गोंदियाला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत कामठ्याला घरी आले होते.

माय, सुखवंता, बालाघाटकडची, परराज्यातली. सोळाव्या वर्षी ती माझे मोठे काका शालीकराम यांची बायको म्हणून या घरात आली. चार महिन्यांत काका काविळीनं गेले. मग मोठ्यांनी ठरवून तिचा पाट धाकट्या भावाशी, कुंजीलालशी लावला. तेच माझे बाबूजी. बावीस वर्षं दोघांनी मिळून धानाची रोवणी केली. तीन मुलगे जन्मले नि दगावले, जगले ती मी एकटी. आता बाबूजींच्या मनात नागऱ्याची एक बाई भरली होती, आणि कुण्या वकिलानं त्यांना सांगितलं होतं, भावाच्या बायकोशी लग्न कायद्यात बसत नाही.

परीक्षेसाठी मी नेमकं हेच वाचत होते. तांदूळ निवडता निवडता मी मायला इंग्लंडच्या कॅथरीन राणीची हकिकत सांगितली. तीही परदेशातून, स्पेनहून आलेली. नवरा, मोठा राजपुत्र, पाच महिन्यांत वारला, मग धाकटा राजा झाल्यावर त्याच्याशी लग्न. वीस वर्षांनी त्या राजालाही अचानक आठवलं, की ही तर भावाची बायको. भरल्या न्यायसभेत राणी त्याच्यापुढे गुडघे टेकून बोलली आणि उठून चालती झाली. तीनदा पुकारा झाला, तरी वळली नाही.

"मंग कुठं गेली?" मायनं विचारलं.

राजानं तिला दूर, ओलसर वाड्यात ठेवलं, लेकीची भेट बंद केली आणि ती तिथंच मेली, असं मी सांगितलं.

मायनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "बोलली बरोबर. उठून गेली, थे चुकली."

आठ दिवसांनी समाजातली पाच माणसं आमच्या अंगणात खाटांवर बसली. बाबूजींचा मित्र चुन्नीलाल पुढारपण करत होता. सुखवंतानं मुकाट माहेरी जावं, पोरीचं लग्न बाप करून देईल, असं त्यानं सांगितलं. मायनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. पाचांत सर्वांत म्हातारा सुखराम आजा होता, त्याच्याकडे ती वळली.

"आजा, माहा पाट कोणं लावला?"

आजानं घसा खाकरला. "मीनंच."

"रीत होती का नोयती?"

"होती. आपल्यात पयलेपासून चालत आली हाये."

मग ती बाबूजींना म्हणाली, "बावीस वर्स तुमाले कायदा आठवला नाई. आज काऊन आठवून राहिला?"

चुन्नीलालनं तिला आत जायला सांगितलं. निर्णय पुरुष करतील म्हणाला.

"मी आत जात नाई अन् माहेरीबी जात नाई," माय म्हणाली. "घर माहं हाये. तुमी उठा."

आणि ती अंगणाच्या मधोमध मांडी घालून बसली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सुखराम आजा काठी टेकत उठला. त्याच्यामागून एकेक करत बाकीचे गेले.

समाजात रीत असेल तर कायदाही असं लग्न मानतो; आजा तशी साक्ष द्यायला उभा राहील, या धाकानं बाबूजी कोर्टात गेलेच नाहीत. महिन्याभरात कपड्यांची पिशवी घेऊन ते नागऱ्याला राहायला गेले. त्या दिवशी माय धान पाखडताना रडली, पण पाखडणं थांबवलं नाही. पुढच्या पावसाळ्यात तिनं एकटीनं रोवणी उरकली.

२०११ साली जनगणनेचे मास्तर आले तेव्हा मी बाळाला घेऊन तिच्याकडेच होते. नवरा इथे राहत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, विभक्त लिहू का?

"मी कोनापासून विभक्त झाली नाई," माय म्हणाली. "थो गेला. त्याच्या घरी जासान तवा त्याले विचारा."

मास्तरांनी विवाहित लिहिलं. मायनं मला तो रकाना मोठ्यानं वाचायला लावला आणि मगच त्यांच्यासाठी चहा ठेवला.