तक्त्याचंच रक्त आटलं

शेळीची खालची पापणी अलगद ओढून आतला रंग ज्याच्याशी ताडून बघतात ना, तो तक्ता मी! तळहाताएवढा पुठ्ठा, वर प्लास्टिकचं आवरण आणि अंगावर रंगाचे पाच चौकोन. पहिला लालभडक, मग एकेक पायरी फिका, पाचवा जवळजवळ पांढरा. पापणी लाल असली तर शेळी ठणठणीत. पांढुरकी दिसली तर समजायचं, पोटातले जंत तिचं रक्त पीत बसलेत.

डॉक्टरीणबाईंच्या पिशवीतून मी या गोठ्यात आलो. बावीस दुभत्या शेळ्या, त्यांच्या मालकीण सासूबाई आणि धार काढणारी त्यांची सून. सासूबाईंचा खाक्या असा, की दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला सरसकट जंताचं औषध पाजायचं.

"अहो, म्हणूनच जंत कोडगे झाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता औषध त्यांना सरबतासारखं लागतंय. जिची पापणी फिकी, तिलाच द्या. पण वजन करून, पुरतं द्या. आणि हा तक्ता कपाटात ठेवा हं, उन्हात नको. वर्षाने बदला."

सासूबाईंनी सगळं ऐकलं, फक्त शेवटचं सोडून. "कामाची वस्तू कपाटात ठेवून काय लोणचं घालायचंय?" असं म्हणत त्यांनी मला चिमट्यात पकडून गोठ्याच्या दारावरच्या खिळ्याला लटकवलं. दिवसभर ऊन अंगावर.

खरं सांगतो, मला ते आवडलं! येणारा-जाणारा माझ्याकडे बघायचा. दर पंधरवड्याला एकेक शेळी माझ्यापुढे यायची, डोळे वटारायची, फुरफुरायची. औषध तीन-चार जणींनाच लागायचं, आणि आता ते लागूही पडायचं. माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही, अशी हवा माझ्या डोक्यात गेली. दोन वर्षं अशी मजेत गेली. आपला रंग उडतोय हे आपल्याला कुठे कळतं?

मग ठुमकीचं ते प्रकरण झालं. ठुमकी म्हणजे दूध देण्यात पहिली आणि शिंग मारण्यातही पहिली. दोन पिल्लं तिच्या अंगावर पीत होती.

"आई, ठुमकी मागे मागे राहतेय," सून म्हणाली. "दूधही निम्म्यावर आलंय."

सासूबाईंनी पापणी ओढली, मला शेजारी धरलं. "दुसरा चौकोन. चांगली आहे. औषध नको."

मीही शहाणा, मान डोलावली! पुढच्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला ठुमकीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज आली होती.

"आई, ही जाईल हो हातची!"

"अगं, तक्ता काय खोटं बोलतोय?"

सुनेने मला चिमट्यातून सोडवलं आणि डोळ्यांजवळ नेलं. चिमटा होता तेवढ्या जागी गडद लाल पट्टी होती. तिच्या खाली तोच पहिला चौकोन गुलाबी पडला होता.

"अहो आई, तक्त्याचंच रक्त आटलंय!"

सासूबाई पालथ्या बादलीवर मटकन बसल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बिचारी शेळी पांढरीफटक पडत होती आणि मी तिला तीनदा 'चांगली' म्हणालो होतो.

मग एकच धावपळ. काट्यावर वजन झालं, डॉक्टरीणबाई आल्या, औषध पोटात गेलं. औषध दुधात उतरतं, म्हणून त्या सांगतील तितके दिवस तिचं दूध वापरायचं नव्हतं. पिल्लं बाटलीवर आली. चार दिवस ठुमकी उठेना. सून तिचं डोकं मांडीवर घेऊन तिला एकेक पान भरवत होती. सासूबाई नुसत्या येरझारा घालत होत्या.

पाचव्या दिवशी ठुमकी उठली आणि तिने सासूबाईंच्या गुडघ्यावर शिंग हाणलं. सासूबाई रडायलाच लागल्या. "मार बाई, मार. अजून एक मार."

आता कपाटात नवा तक्ता आहे. मला वाटलं, माझी रवानगी केरात. पण सासूबाईंनी मला फडक्यात गुंडाळून ठेवलंय. शेळ्या पाळणाऱ्या बाया आल्या की सासूबाई मला बाहेर काढतात. "ही गडद पट्टी बघा. बाकीचा रंग मी उन्हात घालवला. चूक माझी. आमच्या सुनेने डोळे उघडे ठेवले, म्हणून शेळी वाचली." सून तिथेच धार काढत असते. ती मान वर करत नाही, पण कान लाल होतात. अगदी माझा पहिला चौकोन नवा असताना होता तसे.

इतक्या फिक्या अंगानेही मी कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, आणखी काय हवं? बायांनो, माझ्या भावंडांना अंधारात ठेवा आणि वेळ झाली की खुशाल निवृत्त करा. आणि सूनबाई, त्या दिवशी तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस, त्याबद्दल तुझे लाख उपकार.