वाळूचा एक पट्टा

माझ्या नवऱ्याच्या माशांच्या टाकीला मी सवत म्हणायचे, आणि ते काही गमतीत नव्हतं. बैठकीची अख्खी भिंत तिनं अडवलेली. खारं पाणी, दगडांवर फुललेले प्रवाळ आणि तळाशी वीतभर पांढरी वाळू. "एक दिवस ही टाकी फोडून टाकीन," असं मी आल्यागेल्यासमोर इतक्या वेळा म्हटलं होतं, की कुणी मनावर घेत नसे.

ह्यांचा नेम मात्र चुकायचा नाही. रविवार आला की बाही दुमडायची, नळी पाण्यात सोडायची आणि वाळूचा एकच पट्टा साफ करायचा, तोही वरवरचा, बोटभर. शेजारच्या पट्ट्याची पाळी पुढच्या रविवारी.

"खाली काळं झालंय ते दिसत नाही का?" मी डाफरायचे.

"ते तिथंच बरं. सगळं एकदम ढवळलं तर खाली साठलेलं विष पाण्यात येतं. संसाराचंही तसंच, म्हणून तर मी तुझ्याशी भांडत नाही."

वाळूतच राहणारा एक पिवळ्या डोक्याचा मासा ह्यांचा फार लाडका. दिवसभर तो तोंडात वाळू भरायचा, त्यातलं खाणं टिपायचा आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून द्यायचा. ह्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं मुकादम.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी दवाखान्यात अडकले, म्हणून घर बघायला वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा ह्यांना त्यांनीच वाढवलं, त्यापायी स्वतःचं लग्नही राहून गेलं. स्वच्छतेचं वेड असं, की मी धुतलेला पेला त्या पुन्हा धुणार. मनातून मला राग यायचा, पण करतो कोण एवढं?

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या. फार आशा धरू नका." ह्यांना आणायच्या आदल्या दिवशी मी खोली लावायला घरी आले, तर दारातच कुजक्या अंड्यांचा वास. वन्सं टाकीपाशी उभ्या, कोपरापर्यंत ओल्या, हातात कालथा.

"बघ गं, सगळी घाण उकरून काढली. उद्या त्याला टाकी कशी लख्ख दिसेल! पण हे मासे असं का करतायत?"

पाणी राखाडी झालं होतं. मासे वर येऊन धापा टाकत होते. मुकादम काचेपाशी आडवा पडला होता. मी पाणी बदललं, दुकानदाराला फोन केला, त्यानं सांगितलं ते सगळं केलं. संध्याकाळपर्यंत एकही मासा उरला नाही.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही. पण वन्सं मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी त्याला तोंड कसं दाखवू गं?"

दुसऱ्या दिवशी चाकांची खुर्ची टाकीसमोर आली. ह्यांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आम्हा दोघींकडे पाहिलं. वन्संचे ओठ हलले, तशी मी पुढे झाले.

"मी ढवळली. स्वच्छ करायला गेले."

ह्यांना लगेच पटलं. न पटायला काय झालं? जन्मभर मीच तर तशी धमकी देत आले होते.

त्यानंतर ह्यांनी माझ्याकडे पाहणं सोडलं. वन्संच्या हातचं जेवायचे. मी घास पुढे केला की ओठ मिटायचे. वन्सं स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "सांगून टाकते मी."

"खबरदार," मी म्हटलं. "तुम्ही त्यांच्या आईच्या जागी आहात. बायकोवर माणूस रुसतो, सवयच असते. आईवर रुसून कुणी जाऊ नये."

म्हणायला सोपं होतं. रात्री उशीत तोंड खुपसून मी रडायचे.

रविवारी ह्यांनी डाव्या हातानं खुर्ची वाजवली आणि टाकीकडे बोट केलं. मी खुर्ची नेली. मग नळीकडे बोट केलं. मी ती आणून दिली, तर त्यांनी ती माझ्याच हातात परत दिली, वर आपला हात ठेवला आणि माझा हात डाव्या कोपऱ्यात नेला. खाली उरलेल्या काळ्या थराजवळ गेलं की हात उचलायचा. एक पट्टा, बास. हे सगळं मी डोळे मिटूनही केलं असतं, इतकी वर्षं बघत होते. पण मी मुद्दाम चुकले. त्यांनी न चिडता माझा हात पुन्हा जागेवर आणला. पट्टा झाल्यावर माझा हात थोपटला.

त्यांनी मला माफ केलं होतं. मी हमसून रडले. त्यांना वाटलं, पस्तावा झाला. ओल्या हातानंच त्यांनी माझे डोळे पुसले. डोळे खाऱ्या पाण्यानं चुरचुरले, पण मी मान हलवली नाही.

पुढचा रविवार यायच्या आत हे गेले.

दुसरा पट्टा मी एकटीनं केला. वन्संनी बादली धरली.